रताळ्यावरचा काळा डाग

दर गुरुवारी डिंडोलीतल्या एका बंद पडलेल्या शेडपुढे चपलांचा ढीग पडायचा. कामरेजकडून पांढऱ्या गाडीतून कंदनाथ महाराज यायचे. लोक त्यांना सरळ रताळेबाबाच म्हणत. कुणाच्या गालावर वांग, कुणाला खरूज, कुणाच्या सावळ्या लेकीचं लग्न अडलेलं. बाबांकडे सगळ्यांना एकच उपाय होता, रताळं.

१९९६ सालच्या जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या गुरुवारी, त्या गर्दीत सुमन बसली होती. तिच्या डाव्या कोपराखाली फिकट चट्टा होता. दिवाळीत रुपयाएवढा होता, आता तळहाताएवढा झाला होता. सासू अनुसयाबाईंनी तिचा दंड घट्ट धरला होता. नवरा हिलाल कापड विणायच्या लूमवरची पाळी संपवून तसाच आलेला, केसांत कापसाचा भुसा घेऊन मागे उभा होता.

"मैं कुछ नहीं करता, माई!" बाबा दोन्ही हात वर करून म्हणाले. "करणारी धरतीमाता. मी तिचा पोस्टमन! रताळं कुठं वाढतं? जमिनीच्या पोटात. म्हणून ते माणसाच्या पोटातलं पाप ओढतं. बोलो भूमैया की..."

"जय!" शेडचे पत्रे थरथरले.

बाबांचा चेला छगन याने टोपलीतल्या रताळ्याची पांढरी चकती कापून सुमनच्या चट्ट्यावर दाबली. बाबांनी तांब्यातलं तांबूस तीर्थ चकतीवर शिंपडलं. बघता बघता चकती निळी-काळी पडली. बायकांच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. मग बाबांनी त्या काळ्या चकतीवर लिंबू पिळलं, मंत्र पुटपुटले, बोटाने चोळलं. काळेपणा विरत गेला आणि चकती पुन्हा पांढरी दिसू लागली.

"पाप उतरू शकतं. पण मुरलंय खोल," बाबा म्हणाले. "एकेचाळीस दिवस बंद खोलीत राहायचं. आपल्या हाताने रताळी उकडायची, तीच खायची. माणसांत मिसळायचं नाही. आणि औषधाची गोळी पोटात गेली तर हा डाग तुझ्या लेकराच्या अंगावर उतरेल."

सुमनचा चेहरा पांढराफटक पडला. तिला एकच लेक, पहिलीत जाणारी शीतल.

घरामागची सामानाची खोली रिकामी झाली. आत एक चूल, एक पातेलं, कोपऱ्यात रताळ्यांचं पोतं. मोरीपुरतं बाहेर काढायचं, की पुन्हा दाराला बाहेरून कडी. "तुझ्या भल्यासाठीच गं," हिलाल कडी घालताना म्हणाला, पण तिच्या डोळ्यांकडे त्याने पाहिलं नाही. गजांच्या खिडकीतून आभाळाचा पट्टा दिसे. त्यात उत्तरायणात, संक्रांतीच्या पतंगबाजीत, तारेवर अडकलेला एक पतंग फडफडत असे. भिंतीपलीकडे लूम दिवसरात्र खडखडत. सकाळी रताळी, दुपारी रताळी, संध्याकाळी रताळी. आठव्या दिवसापासून त्या गोडसर वासानेच तिला मळमळू लागलं. बारा दिवसांनी चट्टा होता तसाच होता, आणि करंगळी वाकडी होऊ लागली होती.

ओरडावंसं वाटे. पण ओरडून सांगायचं काय? कडी काढा? कडी काढली आणि शीतलच्या कोवळ्या हातावर चट्टा उठला तर? दाराची कडी बाहेर होती. त्याहून पक्की तिच्या मनात बसली होती.

पंधराव्या दिवशी दुपारी ती उकळत्या पाण्यातून रताळी काढत होती. तेवढ्यात खिडकीतून कुणीतरी किंचाळलं, "अहो, हात! हात काढा!"

सुमनने खाली पाहिलं. तिच्या डाव्या हाताची कड तापलेल्या पातेल्याच्या काठाला टेकली होती. कातडी सोलली होती. तिला काहीच कळलं नव्हतं.

खिडकीत शीतलच्या शाळेतल्या अलकाबाई उभ्या होत्या. "आईला कोंडलंय" असं शीतल वर्गात म्हणाली, म्हणून त्या चौकशीला आल्या होत्या. अनुसयाबाई भाजी आणायला गेल्या होत्या.

"दुखत नाही?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मी डॉक्टर नाही, सुमनताई. पण बधिर चट्टा म्हणजे मोठ्या दवाखान्यात दाखवायलाच हवा. आजच चला."

"नको!" सुमन मागे सरकली. "गोळी घेतली तर शीतलवर उतरेल. मी डोळ्यांनी पाहिलंय, बाई. रताळं काळं पडलं. खोटं कसं असेल?"

अलकाबाई वाद घालत बसल्या नाहीत. सुमनने काय काय पाहिलं ते त्यांनी बारकाईने विचारून घेतलं आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्या परत आल्या. गजांमधून त्यांनी एक लहान बाटली आणि अर्धं लिंबू आत दिलं.

"औषध घेऊ नका. नुसतं बघा. पोत्यातलं रताळं कापा. कुणाच्या अंगाला लावू नका. आता दोन थेंब."

थेंब पडले. चकती निळी-काळी झाली. सुमनने ती खिडकीच्या उजेडात धरली.

"आता लिंबू."

काळं पुसट झालं.

"यात टिंक्चर आयोडीन आहे. जखमेला लावतात तेच, फक्त पाणी घातलंय," बाई म्हणाल्या. "रताळ्यात पिठूळ द्रव्य असतं. आयोडीन लागलं की ते काळंनिळं होतं. भात, बटाटा, पोळी, सगळ्यांचं तेच होतं. लिंबाच्या रसाने रंग जातो. सातवीच्या पोरांना मी हे वर्गात दाखवते."

बाई गेल्यावर सुमनने आणखी रताळी कापली. एक, दोन, अकरा. अकराच्या अकरा काळी झाली. तिला रडू आलं नाही. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच तिला संताप आला.

गुरुवारी बाबांनी चट्टा पाहायला बोलावलं, म्हणून तिला तेवढ्यापुरतं शेडमध्ये नेलं. छगनने चकती पुढे केली. सुमनने ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि सरळ बाबांच्या गोऱ्या, गुळगुळीत मनगटावर दाबली. मग तांब्यातलं तीर्थ तिनेच शिंपडलं.

चकती काळी पडली. मागच्या बायका उठून बघू लागल्या.

"महाराज, तुमच्या पोटात कसलं पाप?"

बाबा क्षणभर चपापले, मग हसले. "पगली! तुम सबका पाप मैंने अपने ऊपर लिया है!"

गर्दीतून "खरंय, खरंय" असं ऐकू आलं. अनुसयाबाई तिला मागे ओढू लागल्या. त्या अहिराणीत ओरडल्या, "तुले काय व्हयनं वं?" सुमनने हात सोडवून घेतला आणि प्रसादाच्या भातावर उरलेलं तीर्थ ओतलं. पांढरा भात शाईत बुडवल्यासारखा झाला.

"आणि या भाताने कुणाचं पाप ओढलं?"

अलकाबाईही गर्दीत येऊन बसल्या होत्या. त्या पुढे झाल्या. औषधाच्या दुकानातून आणलेली बाटली उघडून त्यांनी तोच चमत्कार बटाट्यावर केला, मग कुणाच्या डब्यातल्या पोळीवर केला. ज्याला हवा त्याला करू दिला. हिलालनेही दोन थेंब टाकले. काळ्या पडलेल्या पोळीकडे तो बघत राहिला.

सुमनने आपला भाजलेला हात त्याच्यापुढे धरला. "हे मला कळलं नाही, हो. हात भाजला आणि मला कळलं नाही."

तोवर बाबा नि छगन टोपली तिथंच टाकून गाडीत बसले होते.

हिलाल आणि अनुसयाबाई तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला लावून कापसाने हात तपासला आणि सरळ सांगितलं: कुष्ठरोगाची सुरुवात आहे. अनुसयाबाई मटकन खाली बसल्या. "पाप-बिप काही नाही, आजी," डॉक्टर म्हणाले. "जंतू आहेत. सहा महिने गोळ्या घ्या. फुकट मिळतात. घरच्यांनीही तपासून घ्या. हिला वेगळं ठेवायचं कारण नाही." मग ते सुमनकडे वळले. "मधले दिवस वाया गेले. करंगळीची संवेदना पूर्ण परत येईल, असं मी सांगू शकत नाही."

पहिली गोळी गिळल्यावर सुमनने घरी येऊन शीतलचे हात कोपरापर्यंत उघडे करून पाहिले. दुसऱ्या दिवशी पाहिले, तिसऱ्या दिवशी पाहिले. आठवडाभर पाहत राहिली. हात स्वच्छ होते. मग तिने पाहणं सोडलं.

सहा महिन्यांनी गोळ्या संपल्या. करंगळी वाकडीच राहिली. चूल पेटवताना ती आता हाताला फडकं गुंडाळते. रताळी घरात येतात, भाजून, उकडून खाल्ली जातात. चांगलं अन्न आहे, अंगाला आणि कातडीलाही मानवतं. पण अन्न ते अन्न, आणि रोग तो रोग.

एका दुपारी बारडोलीहून एक बाई पत्ता शोधत आली. पदराने दंड झाकलेला. "इथं ते रताळेबाबा बसायचे ना? आता कुठं असतात?"

सुमनने तिला आत घेतलं, पाणी दिलं. "डाग दुखतो का?"

"नाही ना! अजिबात नाही. म्हणून तर घाबरले नाही एवढे दिवस."

"दुखत नाही, म्हणूनच घाबरायचं," सुमन म्हणाली. "बाई, कुणी चमत्कार दाखवला, तर एकच करा. तो आपल्या हाताने करून बघा. जमला, तर तो चमत्कार नाही. आणि करू देत नसेल, तर तिथून उठा. औषध घेतल्याने लेकरावर काही उतरत नाही. आपण औषध घेतलं नाही, तर मात्र लेकराची आई हातची जाते."

बाई घुटमळली. "घरचे म्हणतील काय?"

"काहीही म्हणोत." सुमनने चपला पायात सरकवल्या. "दवाखाना चारपर्यंत उघडा असतो. चला, मी येते बरोबर."