चहा छान आहे, हेपलबाई

मित्रांनो, माझ्या तोटीचा टवका उडालेला आहे, माझे झाकण मूळचे नाही आणि माझ्या पोटात आज चहाही नाही. तरी मी स्वतःला किटलीच म्हणवते. मी एक जुनी, तपकिरी, मातीची किटली आहे. चुलीवर चढून शिट्ट्या मारणारी ती मी नव्हे. पाणी तापवायचे काम दुसऱ्याचे. ते पाणी पोटात घ्यायचे आणि त्याचा चहा होऊ द्यायचा, एवढेच माझे काम. डरहॅम शहरात, बाजाराच्या चौकातून नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत, हेपलबाईंच्या चहाघरात मी एकतीस वर्षे काढली. ते चहाघर आता नाही. ते कसे गेले हे मला ठाऊक आहे, आणि आणखी एका माणसाला ठाऊक आहे. तो माणूस बोलणार नाही, म्हणून मी बोलते.

माझा जन्म स्टॅफर्डशायरच्या तांबड्या मातीतला. साच्यातून निघाले तेव्हा मला तोटी नव्हती. एका जाडजूड बाईने ती अंगठ्याने दाबून बसवली. ती दिवसभर तोट्या बसवायची आणि दिवसभर शेजारणीच्या नवऱ्याची उणीदुणी काढायची. माझ्यासारख्या हजारोजणी त्या भट्टीतून निघाल्या. आमच्या अंगावर फुले नाहीत की सोनेरी कड नाही. काचेच्या कपाटात बसणाऱ्या पांढऱ्या, नाजूक किटल्या आम्हाला मोलकरणी समजतात. समजोत बापड्या! चहा मुरतो तो आमच्या गोल पोटात. हे मी माझ्या तोंडाने सांगू नये, पण सांगायला दुसरे कोण उरले आहे?

मेव्हिस हेपल यांनी मला घेतले ते नवरा वारल्यानंतरच्या वसंतात. नवऱ्याच्या विम्यातून त्यांनी ती गल्लीतली जागा भाड्याने घेतली, सहा टेबले मांडली, त्यांवर स्वतः इस्त्री केलेली पांढरी कापडे घातली आणि दारावर पितळी घंटी लावली. गिऱ्हाईक लहान असो की म्हातारे, बाई सगळ्यांना ‘राजा’ म्हणत. माझ्याशी त्यांची रीत ठरलेली होती. आधी गरम पाणी ओतून माझे पोट शेकायचे, ते पाणी फेकायचे. मग माणशी एक चमचा पत्ती आणि वर एक चमचा किटलीचा. तो वरचा चमचा माझा मान! त्यावर उकळते पाणी, वर लोकरीची टोपी, आणि भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटे. साबण मला कधी लागला नाही. नुसते विसळून पालथे घालायचे. त्यामुळे माझ्या पोटात वर्षानुवर्षांच्या चहाचा काळा थर बसला होता, आणि बाईंना त्याचा फार अभिमान होता.

“थेल्मा, त्या किटलीला साबण लावलास तर हात मोडून ठेवीन,” त्या वाढपिणीला बजावत.

“बरंय बाई,” थेल्मा म्हणे. “किटलीला इतक्या वर्षांत आंघोळ नाही, आणि माझ्या नखात जरा पीठ दिसलं की मला नळाखाली पिटाळता.”

“तू चहात उतरत नाहीस ना!”

दोघी हसायच्या. थेल्माची जीभ तिखट होती. चुकले की ती बाईंनाही सोडत नसे. पण तिचे गुडघे गेले आणि ती न्यूकॅसलला मुलीकडे राहायला गेली. तिच्या जागी बाईंनी कुणाला ठेवले नाही. स्वयंपाकघरात आता त्या आणि मी.

दर गुरुवारी तीन वाजता मिस्टर कॉल्सन येत. खिडकीजवळचे टेबल, दोन स्कोन, म्हणजे भट्टीतले छोटे फुगीर पाव, त्यावर आधी जॅम मग साय, आणि मी. ते पियानो सुरात लावायचे काम करत. त्यांचा कान इतका तिखट की गावातल्या बायका त्यांना घरी बोलवायला घाबरत. एकदा पाद्रीबाईंच्या बैठकीत ते म्हणाले होते, “बाई, याला पियानो म्हणू नका. याच्यात कोंबड्या पाळा.” हे सगळ्या गावाला माहीत होते. हेपलबाई कौतुकाने म्हणत, “या गावात खरं बोलणारा एकच माणूस आहे, आणि तो माझ्याकडे चहा पितो.” इतक्या वर्षांत त्यांनी एकमेकांना आडनावाखेरीज हाक मारली नाही. हवापाण्याखेरीज फारसे बोललेही नाहीत. पण गुरुवारी बाईंच्या गळ्यात मोत्यांची माळ असे, आणि कॉल्सन दारातच टोपी काढून केस सारखे करत. मी मातीची असले तरी मला तेवढे कळत होते.

थेल्मा गेली, त्याच्या पुढच्या वर्षी बाई माझा चमचा विसरल्या. माणसांचे दोन घातले आणि पाणी ओतले. मी रुसले. एकदा होते, म्हणून सोडून दिले. मग तेच रोज होऊ लागले. मग दोन माणसांना एकच चमचा. आणि नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी त्यांनी माझे पोट शेकले, पाणी फेकले, उकळते पाणी ओतले, टोपी घातली आणि घड्याळाकडे बघत चार मिनिटे उभ्या राहिल्या. पत्ती घातलीच नाही.

टेबलावर शेफिल्डहून आलेल्या दोघी बहिणी होत्या. थोरलीने कपात ओतले आणि धाकटीकडे पाहिले.

“अगं, हे नुसतं पाणी आहे.”

“हळू बोल! आत ऐकू जाईल.”

“सांग ना त्यांना.”

“मी का? ओतलंस तू. तू सांग.”

“किती म्हाताऱ्या आहेत गं. वाईट वाटेल त्यांना.”

तेवढ्यात हेपलबाई आल्या. “कसा झालाय चहा, राजा?”

“अगदी छान!” दोघी एका सुरात म्हणाल्या. बाई आत वळताच धाकटीने दोन्ही कप खिडकीतल्या कुंडीत रिते केले. जाताना त्यांनी बशीखाली नेहमीपेक्षा जास्त बक्षिसी ठेवली. पुन्हा त्या आल्या नाहीत.

मित्रांनो, इथे मला माझा गुन्हा कबूल करायचा आहे. माझ्या पोटातला तो काळा थर आठवतो ना? पत्ती नसली तरी उकळत्या पाण्यात त्याचा थोडा रंग उतरायचा. बाई ओतून बघत तेव्हा तोटीतून फिकट तपकिरी धार पडे आणि त्यांचे समाधान होई. मी जर स्वच्छ पांढरे पाणी ओतले असते तर त्यांना त्याच दिवशी धक्का बसला असता. माझ्या अंगच्या रंगाने मीही ‘छान आहे’ असेच म्हणत राहिले.

पुढे स्कोन चपटे होऊ लागले. एकदा सायीच्या वाटीत लोणी गेले, एकदा जॅमच्या वाटीत काहीच गेले नाही. कुणी भांडले नाही. कुणी परत पाठवले नाही. त्या देशात समोरच्याच्या तोंडावर त्याच्या अन्नाला नावे ठेवणे म्हणजे भर चौकात त्याचा अंगरखा फाडण्यासारखे. सगळ्यांनी खाल्ले, छान म्हटले, आभार मानले, दार हळूच ओढून घेतले आणि पाठ फिरवली. ख्रिसमसपर्यंत सहापैकी चार टेबलांची कापडे मळेनाशी झाली. बाई ती तरीही दर सोमवारी इस्त्री करत.

कॉल्सन येतच राहिले. त्यांना पहिल्याच घोटाला कळले होते. त्या मंगळवारनंतरच्या गुरुवारी त्यांनी घोट तोंडात घेतला, डोळे मिटले, आणि आता हा माणूस बोलणार म्हणून मी जीव मुठीत धरला. त्यांनी घोट गिळला आणि कप संपवला. पुढच्या गुरुवारी त्यांनी कोटाच्या खिशात कागदाची पुडी आणली. बाईंची पाठ वळताच माझे झाकण उचलले, चिमूटभर पत्ती टाकली आणि झाकण ठेवून दिले. त्यानंतर दर गुरुवारी ती पुडी आली. तुम्ही याला माया म्हणाल. मीही तेव्हा म्हटले. त्या चिमटीने माझ्या पोटात पुन्हा चहा होऊ लागला, म्हणून मी त्यांना दुवाही दिला. किती मूर्ख होते मी!

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी दुकानात दुसरे कुणी नव्हते. हेपलबाई खिडकीशी आल्या, आणि इतक्या वर्षांत प्रथमच कॉल्सन यांच्या समोरची खुर्ची ओढून बसल्या.

“मिस्टर कॉल्सन, एक विचारू? खरं सांगाल?”

“विचारा की.”

“माझ्या चहाला काय झालंय?”

“चहाला? कुठं काय?”

“लोक येत नाहीत हो. माझ्या हातून काहीतरी बिघडतंय असं मला सारखं वाटतं. रात्रभर आठवत बसते, पण सापडत नाही. दुसऱ्या कुणाला विचारून उपयोग नाही. तुम्ही पाद्रीबाईंना सोडलं नाहीत, मला कशाला सोडाल? सांगा. मी रडणार नाही.”

कॉल्सन यांनी कप उचलला, खाली ठेवला. “चहा छान आहे, हेपलबाई.”

बाईंनी माझ्याकडे पाहिले. त्यांनी कप घेतला, माझ्यातला चहा ओतला आणि चाखला. गुरुवारचा चहा तो, खिशातल्या पुडीचा. तो खरोखरच छान होता.

“चांगलाच आहे की,” त्या हळू म्हणाल्या. “म्हणजे चहात खोट नाही.” त्यांनी टेबलावरच्या कापडाची सुरकुती हाताने सारखी केली. “मग लोकांना मीच नकोशी झालेय. तसंच असणार.”

कॉल्सन यांचे तोंड उघडले. मी झाकणासकट ऐकत होते. बोला हो, मी आतल्या आत ओरडत होते, त्या पुडीचे सांगा, आता तरी सांगा!

“पाऊस थांबेलसं दिसतंय,” ते म्हणाले.

ईस्टरच्या आधी बाईंनी दुकान बंद केले. मला कागदात गुंडाळून खोक्यात ठेवले. जूनमध्ये एके सकाळी त्या घरच्या झग्यावर बाजारात सापडल्या. हातात रिकामा ट्रे होता आणि त्या भाजीवाल्यांना विचारत होत्या, “तुम्हाला काय आणू, राजा?” हे मला त्यांच्या भाचीच्या, हिलरीच्या, तोंडून कळले. ती लीड्सहून दुकानाचे सामान आवरायला आली होती आणि कॉल्सन दारात टोपी धरून उभे होते.

“डॉक्टर म्हणाले, सहा-सात महिने आधी आणलं असतं तर औषधानं थोडा काळ तरी मिळाला असता,” हिलरी म्हणाली. “तेवढे दिवस स्वतःच्या घरात राहिली असती. मी फोन करायची तेव्हा मावशी ठणठणीत बोलायची हो. तुम्ही तर दर आठवड्याला यायचात ना? तुम्हाला काहीच जाणवलं नाही?”

“नाही,” कॉल्सन म्हणाले. “चहा नेहमी छान असायचा.”

मग त्यांनी मला मागून घेतले. खोके उचलताना त्यांच्याच हातून माझी तोटी दाराच्या चौकटीला आपटली.

वर्षभर मी त्यांच्या फडताळात पियानोच्या तारांशेजारी पडून होते. आत पेन्सिली. मला कुणी शेकले नाही, टोपी घातली नाही. मग एका गुरुवारी त्यांनी मला पुसले, पिशवीत घातले आणि टेकडीवरच्या वृद्धाश्रमात नेले. पत्ती त्यांनी मोजून घातली. पण तिथे म्हाताऱ्यांना भाजू नये म्हणून उकळते पाणी देतच नाहीत. कोमट पाण्यात पत्ती तशीच तरंगत राहिली.

हेपलबाई खुर्चीत बसल्या होत्या. गळ्यात माळ नव्हती. त्यांनी कॉल्सन यांच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावे तसे पाहिले, मला तर ओळखलेच नाही. एक घोट घेतला आणि तोंड वाकडे केले.

“हा कुणी केला?”

“मी,” कॉल्सन म्हणाले.

“मग ऐका राजा, राग मानू नका. याला चहा म्हणत नाहीत.” त्यांनी कप बाजूला सारला. “माझं चहाचं दुकान आहे खाली बाजारात. असला चहा मी टेबलावर ठेवला ना, तर आमचे मिस्टर कॉल्सन मला उभ्या उभ्या सुनावतील.”

“सुनावतील ते?”

“सुनावतीलच! पियानोवाले आहेत. त्यांच्यापुढे खोटं चालत नाही.” मग त्या त्यांच्याकडे वाकून मायेने म्हणाल्या, “तुम्हालाही असं कुणीतरी हवं हो. नाहीतर माणसाला कळणार कसं?”

कॉल्सन यांनी तो कप उचलला आणि गार पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. मग ते रडले. बाईंनी शेजारच्या नर्सला हाक मारून सांगितले की या पाहुण्यांना बरे वाटत नाही.

मित्रांनो, आता मी पुन्हा फडताळात आहे. मला वापरा, पुसा, जपा असे मी तुम्हाला सांगणार नाही; माझे काय, मी माती आहे. पण तुमच्या घरात कुणीतरी रोज तुमच्यासाठी काहीतरी करत असेल. त्याची चव लक्ष देऊन घ्या. एके दिवशी ती बदलली, तर त्याच दिवशी सांगा. सांगताना समोरचा चेहरा उतरेल. उतरू द्या, आणि तिथून उठू नका.