ऐंशीवर थांबायचं

भुईगावच्या पीटर डाबरेंचा उभा जन्म केळीच्या वाडीत गेला. तिथला कायदा एकच: वीज आहे तोवर पंप चालू ठेवायचा, टाकी ओसंडली तरी बेहत्तर. आता वाडी भावाकडे होती आणि पीटर आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जात होते, पण खोड काही सुटली नव्हती. लेक रोवेना ऐंशी टक्क्यांवर गाडीच्या चार्जिंगची वायर काढून शाळेत शिकवायला गेली रे गेली, की हे महाशय वायर परत लावून मोकळे.

शनिवारी ती लवकर घरी आली. बघते तर गाडी शंभर टक्के भरून भर उन्हात उभी. तिचं डोकंच फिरलं. ही इलेक्ट्रिक गाडी तिने हट्टाने घेतली होती. रिक्षाच्या धक्क्यांनी डॅडींना उलट्या व्हायच्या. दोनदा तर रिक्षा मिळालीच नाही, डायलिसिस बुडलं आणि दुसऱ्यांदा थेट आयसीयू गाठावं लागलं. यापुढे डायलिसिसचा एकही वार चुकू द्यायचा नाही, हे तिने पक्कं ठरवलं होतं. मग या गाडीला लोक हसोत नाहीतर काही करोत.

"डॅडी, वायर तुम्ही लावलीत ना?"

"लावली. वीज गेली असती म्हणजे?"

"गेली तर जाऊ दे. ऐंशीत दवाखान्याच्या दहा खेपा होतात. लांब जायचं असेल तेव्हाच शंभर करायचे. रोज गच्च भरून उन्हात ठेवली की बॅटरी लवकर म्हातारी होते. वीसच्या खाली उतरू द्यायची नाही, तापून आली की जरा निवू द्यायची, मग वायर लावायची. किती वेळा सांगू?"

"एवढे लाड माझे पण कोणी केले नाहीत," पीटर वैतागले. "किती वर्षं चालवायची आहे तुला ती?"

"बारा."

डॉक्टर काय म्हणाले होते ते दोघांनी शेजारी बसून ऐकलं होतं. बारा वर्षांची गोष्ट त्यात कुठेच नव्हती.

"बारा वर्षं दवाखान्यात नेणार कोणाला?" पीटरनी हळूच विचारलं.

"तुम्हाला." तिने नजर हटवली नाही. "आठवड्यातून तीनदा. मी ठरवून बसलेय. तुम्ही मध्येच सोडून जायचं नाही."

पीटर भिंतीला धरून उठले, गाडीपाशी गेले आणि स्वतःच्या हाताने वायर काढली.

"आंब्याखालची लाकडं उचलायला सांग तुझ्या काकाला," ते म्हणाले. "गाडी तिथे लावू. बारा वर्षं उन्हात कशी काढेल ती?"