पोट खाली

छातीत पिंजाऱ्याची धनुकली वाजत होती. बसलो की उठावंसं वाटायचं, उठलो की बसावंसं. पहाटेच बुधवाऱ्यातल्या घरून तापीच्या घाटावर दोनदा जाऊन आलो, तरी दूधवाल्याचा पत्ता नाही. हात असे थरथरत की कपातला चहा घुसळून वर लोणी आलं. खोटं वाटेल तर राहू द्या.

तीन आठवडे हे चाललं होतं. कारण फक्त दोघांना माहीत होतं, मला आणि माझ्या सुनेला, रश्मीला.

गेल्या साली कॅन्सर निघाला म्हणून इंदूरला माझी थायरॉईडची ग्रंथी काढून टाकली. गळ्यावर आडवी खूण राहिली. तिची हकीकत मी माणूस बघून सांगतो. चौकातल्या कडूला सांगितलं, जसोंडी गावच्या केळीच्या बागेत बिबट्यानं पंजा मारला, मी त्याच्या मिशा उपटल्या. कडूनं मिशा बघायला मागितल्या. टांग्याच्या घोड्याचे चार केस दाखवले.

आता जन्मभर रोज सकाळी एक गोळी. पहिली पट्टी हातात देताना नर्स घाईत म्हणाली, "दादाजी, पेट खाली रखके लेना, और आधा घंटा वैसे ही."

मी मूळचा रावेरकडचा. चाळीस वर्षं बुऱ्हाणपुरात हिंदी झोडतोय, पण कान मराठीच राहिले. आणि मला पटलंसुद्धा! गेलंय गळ्यातलं, तर औषध गळ्यातच थांबायला हवं. पालथं पडलं तर गोळी पोटाकडे जाईल कशी? मग रोज चहात भाकर कुस्करून खायची, वर दूध, मग गोळी, आणि पोट खाली करून अर्धा तास घोरपडीसारखं फरशीला चिकटायचं. आठ महिने.

रिपोर्ट वाईटच येत गेले. डॉक्टर मृणालबाई म्हणायच्या, "काका, रक्तातला हा टीएसएचचा आकडा खाली यायलाच हवा, नाहीतर आजार परत डोकं काढेल. गोळी बरोबर घेता ना?"

"एकदम!"

शंभराची गोळी सव्वाशेची झाली, सव्वाशेची दीडशेची.

एके सकाळी रश्मी झाडू घेऊन आत आली. "अगं बाई! आप्पा, पडलात का?"

"गोळी घेतोय."

समजावून सांगितलं. आधी ती खो खो हसली, मग झाडू टाकून मटकन खाली बसली. "अहो आप्पा, खाली पेट म्हणजे रिकामं पोट! उपाशीपोटी!"

"कुणाला सांगशील तर बघ."

दुसऱ्या दिवसापासून उपाशीपोटी. आठ महिने दुधात वाया जाणारी गोळी, आता दीडशेची दीडशे अंगाला लागली. त्याचीच ही धनुकली.

मृणालबाईंनी नाडी धरली आणि त्यांचं तोंड उतरलं. "एकशे वीस! हे हृदयाचं नवीनच दिसतंय. इंदूरला जावं लागेल."

रश्मी माझ्या कानाशी लागली. "आप्पा, तुम्ही सांगता का मी सांगू?"

सांगितलं. अक्षरन् अक्षर खरं.

बाई रागावल्या. "काका, तुमचा बिबट्या माझ्यापर्यंत आलाय. आज थट्टा नको."

"मॅडम, खरंय हो," रश्मी म्हणाली.

"आता तुम्हीपण?"

काय करणार? टेबलावर चढलो, पालथा पडलो, गाल रेक्झिनला लावला आणि दोन्ही कोपरं दाखवली. फरशीवर घासून आठ महिन्यांचे काळे घट्टे. बाईंनी बोट लावून बघितलं. मग अशा हसल्या की बाहेरचे पेशंट दारात आले. छातीचा ईसीजी काढला, तो ठीक निघाला. गोळी परत शंभरावर, सहा आठवड्यांनी परत रक्त तपासायचं.

ते सहा आठवडे विचारू नका. चौकात कडूला सगळं खरं सांगितलं, घट्टे दाखवले. त्यानं चष्मा लावून बघितले. "आप्पा, बिबट्याचं ठीक होतं. हे जरा जास्तच झालं."

रिपोर्टच्या दिवशी मी ओट्यावर येरझारा घालत होतो. गल्लीच्या तोंडापासूनच रश्मी ओरडत आली, "आप्पा, आकडा खाली आला!"

"कोणतं खाली, पोरी? हिंदीतलं का आपलं?"

"आपलं, आपलं!"

मग बसलो.