नागपंचमीची पहार

नागपंचमीच्या सकाळी अभिमन आबांनी भिंतीकडे पाहिलं आणि त्यांचं डोकं फिरलं. त्यांची बायको मंजुळाबाई दरवर्षी जिथं काजळीनं नाग काढायची, तिथं सुनेनं, हेमांगीनं, शाळेचा तक्ता टांगला होता. त्यावर पायांचे, पंखांचे, आग ओकणारे साप.

"हाई काय शे?"

"ड्रॅगन, आबा. शाळेत प्रदर्शन आहे, रंग वाळायला टांगलाय." हेमांगी एकेकावर बोट ठेवत गेली. "चीनमध्ये हा पाऊस आणतो, राजाच्या कपड्यांवर असतो. युरोपात हा खजिन्यावर बसतो, मग कुणी वीर येऊन त्याला मारतो. आणि आपल्याकडे नाग. राखणदार."

"राखणदार!" आबा खेकसले. "राखं का त्यानी तुनी सासूले?"

हेमांगीनं तक्त्यावरचं बोट काढून घेतलं. गेल्या भाद्रपदात कपाशी निंदताना मंजुळाबाईला घोट्याशी नाग चावला. मोटारसायकल बांधावरच उभी होती. पण आबांनी तिला साक्रीच्या दवाखान्यात न नेता मंत्रानं विष उतरवणाऱ्या जीवराम भगताच्या ओट्यावर नेलं, कारण गावात सगळे आधी तिथंच नेतात. तीन तास जीवराम तिच्यावरून लिंबाचा पाला फिरवत राहिला. ती गेल्यावर दवाखान्यात डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "इतका वेळ कुठे होता?" त्याला आता अकरा महिने झाले होते.

तेवढ्यात जीवरामच लोटा घेऊन दारात आला. नागाच्या दुधासाठी तो घरोघर फिरायचा.

"आबा, दूध द्या. आते राग सोडा. वहिनीनी वेळ भरेल व्हती."

"वेळ तुनी भराई! साक्री वीस मिनिटवर शे."

"मंग ओटावर कोन लई उनं तिले? तुम्हीच ना? मी बलायं व्हतं का?"

आबा आत गेले आणि पहार घेऊन बाहेर आले. नागपंचमीला गावात कुणी मातीला लोखंड लावत नाही, बायका विळीवर भाजीसुद्धा चिरत नाहीत.

"आबा वारूळ फोडाले चालना!" गल्लीत ओरड झाली. माणसं मागे लागली, हेमांगीही धावली.

वारुळापाशी आबा थांबले. बायकांनी वाहिलेलं हळदकुंकू ओलं होतं. तीस वर्षं त्यात मंजुळाबाईचा हात असायचा. आतलं जनावर होतं ते जनावरच. कुणाला देव म्हणा, कुणाला राक्षस म्हणा, त्यानं कुणाला तीन तास ओट्यावर थांबवून ठेवलं नव्हतं.

आबा तिथून वळले ते थेट जीवरामच्या ओट्याकडे.

"आबा, आज लोखंड लावतस नही!" जीवराम आडवा आला. "पाप लागी!"

"मातीले लावतस नही. हाई सिमेट शे. सरक बाजूले!"

मंजुळाबाईचं डोकं जिथं टेकवलं होतं, तिथं आबांनी पहिला घाव घातला. टेकवलं होतं त्यांनीच. दुसरा घाव पहिल्यापेक्षा जोरात पडला.