विरोधाचं सभ्य पत्र

इंग्लंडातल्या मार्ल्सहॅम गावच्या नगरपरिषदेत क्लाइव्ह ऑकेंडनइतकं न कळणारं इंग्रजी लिहिणारा दुसरा माणूस झाला नाही. त्याच्या वाक्यात कर्ता सापडायचाच नाही. रस्ते खणले जायचे, बाकं हलवण्यात यायची, झाडं तोडली जायची. पण कोण खणतंय नि कोण तोडतंय, याचा पत्ता लागू देईल तर तो क्लाइव्ह कसला! कर्मणी प्रयोगावर त्याचा संसार सुखाने चालला होता.

बरं, गडी अडाणी म्हणावा तर तसंही नाही. शब्दांची कुळं शोधायचा त्याला भारी नाद. इंग्रजीत दोन घराणी नांदतात, हे तो समोरच्याचा चहा गार होईस्तोवर ऐकवायचा. एक घरचं, शेतात वाढलेलं, आखूड शब्दांचं. दुसरं फ्रेंच आणि लॅटिनकडून आलेलं, दरबारी, लांब शेपटीचं. 'शट', म्हणजे बंद, हा घरचा शब्द. 'स्विम', म्हणजे पोहणं, घरचा; 'पूल', म्हणजे तलाव, तोही घरचा. घरच्या शब्दांत लिहिलं की माणसाला चटकन कळतं, आणि कळलं की माणूस भांडायला येतो. म्हणून नगरपरिषदेची सगळी कामं क्लाइव्ह दरबारी घराण्याकडूनच करून घ्यायचा.

मध्यंतरी परिषदेने सगळ्यांसाठी चांगल्या लेखनाचा वर्ग ठेवला होता. लंडनहून एक बाई आल्या, म्हणाल्या, "छोटी वाक्यं लिहा. कोण काय करतंय ते सांगा." क्लाइव्हने कचऱ्याची सूचना लिहून दाखवली: मंगळवारी डबा बाहेर ठेवा. आम्ही नेतो. बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि पहिल्या नंबरचं प्रमाणपत्र दिलं. त्याची साहेबीण फेनेला क्रोक हिने ते चौकटीत बसवून व्हरांड्यात टांगलं. टांगता टांगता म्हणाली, "डब्यांपुरतं ठीक आहे हं, क्लाइव्ह."

मग आली तलावाची भानगड. समुद्राच्या भिंतीला लागून उघड्यावरचा जुना पोहण्याचा तलाव होता. तो बंद करून तिथे गाड्या लावायची जागा करायचं परिषदेने आतल्या आत ठरवलं होतं. पण कायदा म्हणतो, आधी लोकांना विचारा. विचारायची रीतही ठरलेली: प्लास्टिकमध्ये घातलेला कागद दिव्याच्या खांबांना बांधायचा, आणि कोणी थांबून वाचणार नाही अशी आशा करायची. तो कागद अर्थातच क्लाइव्हने लिहिला. 'विद्यमान जलक्रीडा-सुविधांच्या सुसूत्रीकरणाद्वारे परिसराच्या गतिशीलतेत वृद्धी करण्याचे योजिले असून नागरिकांचे अभिप्राय मागविण्यात येत आहेत.' सोबत एक कार्ड, त्यावर दोन चौकोन: पाठिंबा आणि विरोध. आता वृद्धीला नाही कोण म्हणेल? लोकांनी धडाधड पाठिंब्यावर खुणा केल्या.

खुणा करणाऱ्यांत क्लाइव्हची बायको विनिफ्रेडही होती.

विनी त्या तलावात रोज सकाळी पोहायची, थंडी असो की वारा. बरोबर मॅज टिंडल आणि आणखी चारपाच जणी. जेवताना ती क्लाइव्हला म्हणाली, "तुमची ती गतिशीलता का काय ती, मी हो म्हणून टाकलं. तू तिथे कामाला, नाही कसं म्हणणार?" क्लाइव्ह बटाटा चावत राहिला. आपण तलाव बंद करतोय असं त्याला खरंच वाटत नव्हतं. तलाव बंद होत होता, एवढंच.

पुढे एके सकाळी तलावाच्या काठावर तीन पायांची दुर्बीण घेऊन एक मोजणीवाला उगवला. मॅजने त्याला हटकलं. त्या बिचाऱ्याला सभ्य इंग्रजी येत नसावं. तो म्हणाला, "इथं गाड्या लागणार, मावशी. हे बुजवणार."

विनी ओल्या केसांनिशी घरी आली.

"क्लाइव्ह, खांबावरचा तो कागद तू लिहिलास?"

"तो आमच्या विभागातून काढण्यात आला."

"म्हणजे तूच."

"तसं म्हणता येईल."

"म्हणता येईल काय? म्हण ना मग!" तिने टॉवेल खुर्चीवर आपटला. "अरे, ऑपरेशन झाल्यापासून जिना चढताना मी रडते, ठाऊक आहे ना तुला? जमिनीवर मी म्हातारी असते. पाण्यात उतरले की कुठे काही दुखत नाही. आणि तोच तलाव बुजवायला तू माझ्याकडून हो म्हणून घेतलंस?"

 क्लाइव्हला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली, आणि नेहमीप्रमाणे ती त्याने चहाबरोबर गिळली.

"उद्या शेवटचा दिवस आहे," विनी म्हणाली. "आम्ही सगळ्याजणी सही करतो. पत्र तू लिही. ज्याने गाठ मारली त्यानेच ती सोडायची."

क्लाइव्ह टेबलाशी बसला आणि एका दमात लिहून गेला: तलाव बंद करू नका. आम्ही तिथे रोज पोहतो. आमचा विरोध आहे. लंडनच्या बाईंनी उचलून मुका घेतला असता असं पत्र. त्याने ते पुन्हा वाचलं आणि त्याला घाम फुटला. किती उर्मट! उद्या हे फेनेलाच्या हातात पडणार. सही विनीची असली तरी आडनाव ऑकेंडनच. त्याने 'विरोध' काढून 'चिंता' घातली. मग चिंताही जरा भडक वाटली, तिथे 'काही विचार' आले. 'करू नका'च्या जागी 'न करण्याच्या शक्यतेचाही यथावकाश विचार व्हावा' असं झालं. एवढं लिहिल्यावर आभार मानल्याशिवाय कसं चालेल? सुरुवातीलाच परिषदेच्या दूरदृष्टीचं मनःपूर्वक स्वागत करून झालं.

विनीने पत्र दोनदा वाचलं.

"यात नको म्हटलंय ना नक्की?"

"म्हटलंय. सभ्यपणे म्हटलंय."

विनीने सही केली. मॅजनेही केली, बाकीच्यांनीही केली. क्लाइव्ह शिकलेला माणूस, त्यातून घरचा.

दुसऱ्या दिवशी ते पत्र फिरत फिरत क्लाइव्हच्याच टेबलावर आलं. आलेल्या अभिप्रायांची पाठिंबा आणि विरोध अशी वाटणी करणं त्याचंच काम. वाटणीचा नियमही त्यानेच घातलेला: विरोध असं स्वच्छ लिहिलं असेल तरच विरोध, बाकी सगळा पाठिंबा. फेनेला त्याच्या खांद्यावरून डोकावली.

"अगं बाई, किती गोड पत्र! या पोहणाऱ्या बायका कजाग असतील असं वाटलं होतं मला. तुमच्या मिसेस ना या? पाठिंब्यात टाका, क्लाइव्ह."

बोलायची वेळ हीच होती. तीन शब्द पुरले असते. क्लाइव्हने घसा साफ केला.

"यातून काहीसा वेगळा अर्थही निघू शकेल, असं एखाद्याचं मत असू शकेल."

"असू शकेल की," फेनेला प्रेमाने म्हणाली, आणि चहा आणायला गेली.

क्लाइव्हने पत्र पाठिंब्यात टाकलं.

सभेच्या दिवशी विनी, मॅज आणि सगळ्याजणी ठेवणीतले कोट घालून प्रेक्षकांच्या बाकांवर बसल्या. क्लाइव्ह खाली, अध्यक्षांच्या शेजारी, सभेचा वृत्तांत लिहीत होता. अध्यक्ष उठले, चष्मा पुसला आणि आनंदाने म्हणाले, "प्रस्तावाला गावाचा भरघोस पाठिंबा आहे. विशेष म्हणजे रोज पोहणाऱ्या महिलांनी आपल्या दूरदृष्टीचं मनःपूर्वक स्वागत केलं आहे. पहिली सही, मिसेस विनिफ्रेड ऑकेंडन."

बाकावरच्या माना वळल्या. इंग्लंडात कोणी आरडाओरडा करत नाही. मॅज फक्त दोन बोटं पलीकडे सरकली आणि पर्स मांडीवर घेऊन बसली. वीस वर्षांच्या मैत्रीत मॅज अशी कधी सरकली नव्हती.

विनी कठडा धरून उभी राहिली. उठताना तिला दुखलं, ते सगळ्यांना दिसलं.

"आम्हाला तलाव हवाय," ती म्हणाली. "आमचा विरोध आहे. ते पत्र माझ्या नवऱ्याने लिहिलं. तो बघा, तिथे बसलाय. खांबावरचा कागद त्याने लिहिला, पत्रही त्यानेच लिहिलं, आणि आमचं पत्र पाठिंब्यातही त्यानेच टाकलं असणार. क्लाइव्ह, तू भित्रा आहेस. हे लिही. जसंच्या तसं लिही!"

 फेनेला आपल्या बुटांकडे बघू लागली.

"आभारी आहोत, बाई," अध्यक्ष म्हणाले. "अभिप्रायांची मुदत संपली आहे, पण आपलं म्हणणं नोंदवून घेऊ. मिस्टर ऑकेंडन?"

क्लाइव्हने पेन उचललं. वर विनी अजून उभीच होती, एका हाताने कठडा धरून, आणि त्याच्या हाताकडे बघत होती. त्याने कागदावर 'विनी' लिहिलं, मग ते खोडलं.  मग हात आपोआप चालू लागला आणि वळणदार अक्षरात एक वाक्य उतरलं:

'प्रेक्षकांतून काही अभिप्राय व्यक्त करण्यात आले, व त्यांचे स्वागत करण्यात आले.'