लेबलवर नसलेलं नाव

मी एक जुना पियानो आहे. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या एका लहानशा चर्चच्या तळघरात माझी हयात गेली. मित्रांनो, मला इथे कुणी आणलं ते आठवत नाही. पण माझ्या पट्ट्यांवर एक गाणं कुणी रचलं, ते पक्कं आठवतं.

ओडेसा प्रुइट लॉन्ड्रीत इस्त्री करायची आणि रविवारी चर्चमध्ये गायची. तिचा भाऊ कामासाठी शिकागोला गेला, त्याचं पत्र येईना. तेव्हा १९६४ च्या उन्हाळ्यात, भाजलेल्या बोटांनी, तिने ते गाणं बांधलं. ‘दार नुसतं लोटलंय, कडी नाही लावली.’ तिसरी ओळ काही केल्या जमेना, म्हणून ती माझ्यावरच चिडली होती.

तिचा मावसभाऊ लव्हेल टेट याने ते ऐकलं. आवाज त्याचा गोड. तो क्रू नावाच्या रेकॉर्ड कंपनीच्या मालकाला घेऊन आला. क्रूने एकदाही माझ्या पट्ट्यांकडे पाहिलं नाही, नुसतं कागदावर उतरवत राहिला. मग दोघे दाराबाहेर कुजबुजले. शब्द ऐकू आले नाहीत, पण माझ्या मनात पाल चुकचुकली.

लव्हेलच्या आवाजात रेकॉर्ड आली. गल्लोगल्ली वाजली. लेबलवर नावं दोन होती, क्रू आणि टेट.

“त्या दिवशी दाराबाहेर मी क्रूला तुझंच नाव लिहून दिलं होतं गं!” लव्हेल म्हणाला.

“असं? मग हे छापलं कुणी? उंदरांनी?”

“देवाशपथ, ओडेसा...”

“त्याला मध्ये आणू नकोस. तो वर बसून ऐकतोय.”

मीही तिच्याच बाजूचा होतो. लव्हेल माझ्याजवळ आला की मला तो चोरच वाटायचा. तो ते गाणं पुन्हा कधी गायला नाही, त्यावरही मला वाटायचं, याचं मन याला खातंय!

सोळा वर्षं दोघं चर्चच्या दोन टोकांना बसली. मधल्या काळात नवा ऑर्गन आला आणि माझ्यावर खुर्च्या रचल्या गेल्या.

क्रूची कंपनी बंद पडली. त्याची टायपिस्ट व्हर्ना एका दुपारी ओडेसाला शोधत तळघरात आली.

“बाई, कपाट आवरताना तुमच्या गाण्याच्या नोंदणीचा हा मूळ अर्ज सापडला. अक्षर टेटचं आहे.”

अर्जावर गीतकार म्हणून एकच नाव होतं, ओडेसा प्रुइट. त्यावर लाल काट होती. बाजूला क्रूच्या वळणदार अक्षरात ती दोन नावं.

ओडेसाने कागद उजेडात धरला, उलटा करून पाहिला, शाई नखाने खरवडली. तिचा विश्वासच बसेना.

लव्हेलला बोलावणं गेलं. तो काठी टेकत आला.

“तू भांडला का नाहीस माझ्याशी?” ती म्हणाली.

“तू कुठे विचारलंस? तू तर निकालच दिलास.”

तिने माझ्यावरच्या खुर्च्या उतरवल्या आणि बाकावर सरकून जागा केली. “बस. सूर तू धर, माझा घसा गेलाय.”

पुढच्या वर्षी त्याच गाण्याच्या नव्या रेकॉर्डवर तिचं नाव आलं.

मित्रांनो, गाणं आवडलं तर ते कुणी रचलं, याची चौकशी करा. आणि कुणाचा संशय आला तर आधी त्यालाच विचारा. मी पडलो लाकडाचा, मला विचारता येत नव्हतं. त्या दोघांना येत होतं.