परळीच्या यार्डात अडलेला डबा

मालगाडीचा एक जुना बंद डबा तुमच्याशी बोलतोय. चाकं गंजली आहेत, पण राग अजून ताजा आहे.

माझं निम्मं आयुष्य समुद्राकाठच्या बंदरात गेलं. धक्क्याला बोट लागायची, क्रेन पोती उतरवायची, हमाल ती माझ्या पोटात रचायचे. दाराला सील लागलं की मी निघायचो. जायचं कुठं, ते कागद ठरवायचा.

बहात्तरच्या दुष्काळात बोटीनं परदेशची लाल ज्वारी आली. खालची पोती ओली होती, तशीच भरली. मग इंजिन नाही म्हणून नऊ दिवस मला बंदरातच उभं ठेवलं. परळी वैजनाथला पोचलो तेव्हा माझा पत्रा हाताला चटका देत होता.

नेकनूरकडच्या एका गावच्या सोसायटीचे सेक्रेटरी शहादेव ट्रक घेऊन वाट बघत होते. स्टेशनात मालाची नोंद ठेवणाऱ्या मालबाबूनं कागद पाहिला, माझ्या अंगावरचा नंबर पाहिला आणि मान हलवली. बंदरातल्या कारकुनानं आठाच्या जागी तीन लिहिला होता.

"वरून उत्तर आल्याशिवाय सील तोडता येणार नाही."

"सायेब, तीनशे माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायलेत. त्यांनी काय कागद खावा?"

"माझी नोकरी जाईल हो!" मालबाबू म्हणाला आणि आत गेला.

मला ओरडता आलं असतं, तर सगळं यार्ड गोळा केलं असतं. आत ज्वारी तापत होती आणि बाहेर माणसं उत्तराची वाट बघत होती. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. डबा बंदराला परत पाठवा! लगेच इंजिन येऊन मला जोडलं गेलं.

यार्ड झाडणाऱ्या पारूबाईनं माझ्या दाराला नाक लावलं. "भाऊ, ज्वारी नासायली की!"

शहादेव हात जोडून इंजिनाकडं धावले. पारूबाईनं झाडू ठेवला आणि ती इंजिनापुढं रुळावर जाऊन बसली.

"ए बाई, ऊठ!" मालबाबू ओरडला.

"दार उघडा, मग उठते. बाया उन्हात दगड फोडायल्यात, आन् तुमी दाणा समुद्राला न्यायलात?"

ड्रायव्हर खाली उतरला. "बाईच्या अंगावर इंजिन घालायला मला कुणी सांगू नका," म्हणाला आणि बिडी पेटवून बसला.

शेवटी मालबाबूनंच सील तोडलं. वरची पोती धड होती. खालची निम्मी काळी पडली होती, वाफाळत होती. आल्या दिवशी दार उघडलं असतं, तर त्यातली किती वाचली असती!

झाडलोटीच्या ठेकेदारानं पारूबाईला तिथंच सांगितलं, "उद्यापासून येऊ नकोस."

"चला बाई," शहादेव म्हणाले, "आमच्या गोदामात काम हाय." पारूबाई पदर खोचून ट्रकमधल्या पोत्यांवर चढली. मागं वळून तिनं एकदाही पाहिलं नाही.

आता मी बंदरामागच्या लाइनीत मोडीत निघालोय. उद्या मला कापायला माणसं येतील, त्याचं दुःख नाही. पण शेजारच्या रुळावर भरलेला डबा दिवसचे दिवस उभा दिसला, की जीव तळमळतो. बाबांनो, कागद चुकला तर कागद खोडा, पण दार उघडा. आत कुणाची तरी भाकरी सडत असते.